गेंड्याने टिटवी ओढली

आमच्या घरात एकाही डब्यावर त्याचं स्वतःचं झाकण नाही. कारण युद्ध चालू आहे.

जेवणाच्या टेबलावर पिठाच्या डब्याचं मोठं झाकण पालथं पडलेलं असतं, ते ‘गेंडा’ नावाचं जहाज. साखरेचं, मिठाचं, चहाचं झाकण ही बाकीची जहाजं. आणि शत्रूचा तळ म्हणजे माझा कुकर. जेवणाची वेळ झाली की मी शत्रूचा तळ उचलून गॅसवर चढवते, आणि आमचे हे कळवळून म्हणतात, “अगं थांब, निदान फोटो तरी काढू दे.” मी कसली थांबते! दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर दिवसभर लोकांशी घसा फोडून आलेल्या बाईला घरी येऊन शत्रूशी वाटाघाटी करायची हौस नसते.

हे बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसर सांभाळतात. निवृत्तीला आलेत, अंगाने किरकोळ, हिवाळा असो की उन्हाळा अंगात तो एक राखाडी स्वेटर. बोलणं इतकं कमी की लग्न झाल्यावर माझ्या आईला कित्येक दिवस वाटत होतं, जावई रुसलेत. पण एकदा अंतराळातल्या जहाजांचा विषय काढा, मग बघा. पाहुणे उठून चपला शोधायला लागतात तरी ह्यांचं इंजिन चालूच.

त्याचं असं झालं, आम्ही तरुण असताना टीव्हीवर एक मालिका लागायची. ताऱ्यांच्या पलीकडलं युद्ध, मोठमोठी जहाजं, करड्या गणवेशातले सैनिक. एके दिवशी चॅनेलवाल्यांनी ती मध्येच बंद केली. अख्खं आरमार खिंडीच्या तोंडाशी उभं, सेनापतीने हात वर केलेला, आणि खलास. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला गाण्यांचा कार्यक्रम. मी थोडी हळहळले आणि विसरून गेले. हे विसरले नाहीत. पुढे इंटरनेट आलं तेव्हा कळलं की असे न विसरलेले बरेच आहेत. त्यांनी एकमेकांना हुडकून काढलं आणि ते अर्धवट युद्ध पुढे लिहायला घेतलं. प्रत्येकाला एक जहाज. आपल्या जहाजाची गोष्ट आपण लिहायची, दुसऱ्याच्या जहाजाला बोट लावायचं नाही. जहाजाचा मालक नसला तर त्याच्या घरच्याने लिहायचं, परक्याने नाही. ‘गेंडा’ ह्यांचा.

आता कोणाला वाटेल, हे लढाया लिहीत असतील. छे! ह्यांना लढाईपेक्षा ती चालते कशी याचीच पडलेली. “तोफ डागली की तापते,” हे मला भाजी चिरता चिरता सांगायचे. “ती उष्णता जाणार कुठे? बाहेर हवा नाही, पाणी नाही. कारखान्यात मी दिवसभर दुसरं काय करतो? इकडची उष्णता काढून तिकडे टाकतो. पण तिथे टाकायला ‘तिकडे’ असं काही नाहीच.” मग ह्यांनी कायदा केला की दर जहाजाला पत्र्याचे लांबलचक पंख असतील, लढून तापलं की ते पंख उघडून निवत बसायचं, आणि पंख उघडे असताना तोफ डागता येणार नाही. झालं! सगळे ह्यांच्यावर तुटून पडले. त्यांच्या गटाचे प्रमुख आहेत, खऱ्या आयुष्यातही शाळेत शिकवतात म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणतात. त्यांनी लिहिलं, “तुमच्या कृपेने माझे शूर सैनिक भर लढाईत धुणं वाळत घातल्यासारखे बसून आहेत.” हे वाचून मी इतकी हसले की भाजी करपली.

पण कायदा मान्य झाला. कुरकुर करत का होईना, ह्यांचे कायदे मान्य व्हायचे. कोणी कोणाला सलाम करायचा, वजन नसलेल्या ठिकाणी बूट कुठे काढून ठेवायचे, सैनिकांचे गणवेश कोण धुतं आणि मळकं पाणी जातं कुठे, सगळं ह्यांनी बसवून दिलेलं. त्यात एक कायदा असा की इंजिनखोलीचा प्रमुख इंजिनखोलीत काम करणारेच निवडतील, वरून आणून कोणी बसवायचा नाही. मी तोंडाने म्हणते की मी हे असलं काही वाचत नाही. पण तो कायदा मी वाचला आणि पदर तोंडाला लावून मोरीत जाऊन उभी राहिले.

कारण मला माहीत होतं ते कुठून आलंय. कारखान्यात फोरमनची जागा रिकामी झाली तेव्हा सगळे धरून चालले होते की ती ह्यांची. मीसुद्धा शेजारणीला सांगून मोकळी झाले होते. आणि जागा मिळाली मालकाच्या मेव्हण्याला, ज्याला कॉम्प्रेसरचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे हे दाखवायलाही हेच. घरी आले, हातपाय धुतले, जेवले. मी मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते तर म्हणाले, “आमटी दे जरा.” पण त्याच संध्याकाळी त्या गटात ह्यांनी आपलं नाव बदलून ‘फोरमन’ केलं. आजतागायत तिथे ह्यांना सगळे फोरमनच म्हणतात.

तर यंदा ठरलं की ती मोठी लढाई एकदाची लढायची. खिंडीच्या तोंडाशी इतकी वर्षं किरकोळ चकमकी करत ताटकळलेलं आरमार आत शिरणार. सेनापती कोण, यावर मतं घेतली, आणि निवडून कोण आलं? आमचे हे! मास्तरांनी स्वतः फोन करून सांगितलं. ह्यांनी “बरं” म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन नुसतेच उभे राहिले.

“काय झालं?” मी विचारलं.

“मला सेनापती केलंय.”

“मालकाच्या मेव्हण्याने अर्ज केला नव्हता वाटतं,” मी म्हटलं. हे हसले. खरं सांगते, मला त्या वेळी इतका आनंद झाला की मी कुकरसकट सगळी झाकणं ह्यांच्या ताब्यात दिली आणि चार दिवस पातेल्यात भात शिजवला. पोरखेळ तर पोरखेळ, पण कुठेतरी, कोणीतरी ह्या माणसाला पुढे उभं केलं होतं.

आता घड्याळजींचं सांगायला हवं. हे ह्यांचे त्या गटातले जिवलग मित्र, दूरच्या शहरात घड्याळदुरुस्तीचं दुकान. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. तरी रोज भांडण. त्यांचं जहाज ‘टिटवी’, एवढंसं, माझ्या वेलदोड्याच्या डबीचं झाकण. त्यावर एकही तोफ नाही. टिटवीची दोन कामं. एक म्हणजे आरमाराच्या पुढे एकटीने जायचं, काय दिसतं ते बघून ओरडायचं. आणि दुसरं, घड्याळं जुळवायची. जहाज फार वेगात गेलं की त्यावरची वेळ हळू चालते म्हणे, त्यामुळे दर जहाजाचं घड्याळ वेगळं. टिटवी एकेका जहाजाला भेट देत फिरायची आणि सगळ्यांची वेळ एक करायची. घड्याळजी दर खेपेला ज्या जहाजावर जायचे तिथल्या लोकांना दोन शब्द बोलायचे, कोणाच्या पायाला काय लागलंय ते विचारायचे. वाचायला फार गोड वाटायचं.

लढाईच्या तयारीत टिटवी खिंडीत डोकवायला गेली आणि तिला गोळा लागला. घड्याळजींनीच तसं लिहिलं होतं. “इंजिन गेलं. सगळे जिवंत आहोत. वाहत चाललोय.” ह्यांनी खाली उत्तर लिहिलं, “वाहू नकोस फार लांब. दोर टाकतो.” आणि त्यानंतर घड्याळजींकडून काहीच आलं नाही. हे म्हणत राहिले, “लेकाचा काहीतरी मोठं शिजवतोय. ऐन लढाईत काढणार बाहेर.”

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी हे स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला पंखा पुसत होते, हात काळेकुट्ट, तेव्हा ह्यांचा फोन वाजला. मी उचलला. बाईचा आवाज.

“फोरमन आहेत का?”

“इथे कोणी फोरमन नाही,” मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि माझं मलाच लागलं.

“माझाच आहे तो,” हे वरून म्हणाले. मी फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि ह्यांच्यापुढे धरला.

“मी घड्याळजींची बायको बोलतेय,” ती बाई म्हणाली. “ते गेले हो. होऊन गेलं सगळं. छातीत कफ झाला आणि मग वाढतच गेलं.” मग म्हणाली, “शेवटी शेवटी एकच धोशा लावला होता. फोरमनला सांग, दोर सोडू नको म्हणावं. दोर सोडू नको. मुलीला वाटलं सलाइनची नळी. ती पोर त्यांच्या उशाशी नळी धरून बसून राहिली. मी म्हणत होते, हो हो, धरलाय दोर. पण मला कुठे काय ठाऊक? दुकानात कोणी फोरमन नाही, गल्लीत नाही. मग मुलीने त्यांच्या फोनमध्ये शोधलं. मला एवढंच सांगा भाऊ, कसला दोर?”

हे स्टुलावर तसेच उभे. हातातल्या फडक्यातून काळं पाणी माझ्या ओट्यावर ठिबकत होतं.

“वहिनी,” हे म्हणाले, “दोर मी अजून टाकलाच नाही. टाकतो म्हणालो होतो. टाकायचा राहिला.”

मग फडकं खाली ठेवलं आणि उतरून त्यांना सगळं सांगितलं. टिटवी काय, गोळा काय, इंजिन काय. ती बाई मध्ये मध्ये “बरं” म्हणत होती. शेवटी म्हणाली, “म्हणजे ते सगळे अजून तिथेच आहेत? त्या जहाजावर?”

“हो. वाहत चाललेत.”

“अगं बाई,” ती म्हणाली, अगदी शेजारच्या घरात पाणी शिरल्याचं ऐकल्यासारखी.

फोन ठेवल्यावर हे टेबलापाशी बसले. पिठाच्या डब्याचं झाकण खिंडीच्या तोंडाशी होतं, सगळ्यांच्या पुढे. ह्यांनी ते उचललं आणि पार कडेला, वेलदोड्याच्या झाकणाशेजारी नेऊन ठेवलं. मला ह्यांचे कायदे माहीत होते ना! दुसरं जहाज ओढायचं तर ओढणाऱ्याला लढता येत नाही. इंजिन आधीच इतकं तापलेलं असतं की तोफ डागली तर जहाज आतून वितळेल. हा कायदा ह्यांनीच केलेला. कोणीही उठून एका ओळीत कोणालाही वाचवायचं, ते बंद व्हावं म्हणून.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“टिटवीला बंदरात न्यायला हवं.”

“आणि लढाई?”

“दुसरं कोणी बघेल.”

मग मात्र मी तापले. “दुसरं कोणी म्हणजे कोण? आयुष्यभर दुसरं कोणीच बघत आलंय! एकदा, एकदाच तुम्हाला कोणी पुढे केलं, आणि तुम्ही आपले पाणी सोडून मोकळे. कायदा तुमचाच ना? मग मोडा की! कोण विचारणार आहे? आणि ओढायचंच असेल तर दुसऱ्या कोणी ओढावं, एवढी जहाजं पडली आहेत.”

“सगळ्यांना लढायचंय.”

“तुम्हाला नाही लढायचं?”

“मला सगळ्यात जास्त लढायचंय,” हे म्हणाले. “पण त्याने दुसऱ्या कोणाचं नाव नाही घेतलं.”

मी उठून कुकर घासायला घेतला. स्वच्छ होता तरी घासला.

मास्तरांचा फोन आला तोही मी ऐकला. माणूस भला. त्यांनाही वाईट वाटलं होतं. ते म्हणाले, “फोरमन, यातून वाट काढू. टिटवीच्या सुकाणूवर एखादं यंत्र बसवू, एका वाक्यात ती बंदरात पोचेल, कोणाची हरकत नाही. तुम्ही खिंडीत हवे आहात.”

“एका वाक्यात?” हे म्हणाले. “मास्तर, तुमच्या जहाजावरचं घड्याळ जुळवायला तो शेवटचा आला होता तेव्हा तुमच्या स्वयंपाक्याच्या गुडघ्याची चौकशी करत किती वेळ बसला होता, आठवतं? त्याला आपण एका वाक्यात पोचवायचं?”

“मग सेनापती?” मास्तरांनी विचारलं.

“तुम्ही.”

झालं, संपला विषय. पण एक अडचण राहिली होती, आणि तीही ह्यांच्याच कायद्याची. ओढलं जाणारं जहाज रिकामं चालत नाही. अंतराळात घर्षण नाही, त्यामुळे पुढचं जहाज थांबलं तरी मागचं थांबत नाही, ते येऊन पुढच्याच्या पाठीत घुसतं. म्हणून मागच्या जहाजाच्या सुकाणूवर जागं माणूस हवं, इंजिन बंद असलं तरी चालणाऱ्या छोट्या फवाऱ्यांनी हळूहळू वेग मारत, म्हणजे कमी करत, आणणारं. आणि बंदरात आल्यावर दोर सोडायचा हुकूमही तेच माणूस देणार, पुढचा नाही. कारण मागचं जहाज खरंच थांबलंय की नाही, हे मागच्यालाच कळतं. आता टिटवीच्या सुकाणूवर कोण बसणार? घड्याळजींच्या घरचंच कोणीतरी. मुलगी नको म्हणाली, तिला ते जहाज नजरेसमोरही नको होतं. ह्यांनी वहिनींना फोन लावला.

“मला त्यातलं ओ की ठो कळत नाही हो,” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यभर त्या जहाजांच्या नावाने बोटं मोडली. जेवण निवून जायचं आणि हा माणूस कुठल्याशा ग्रहावर.”

“माझ्याकडेही तेच,” मी मागून म्हटलं.

त्या जरा हसल्या. मग ह्यांनी त्यांना दोराचं गणित समजावलं. पुढचं जहाज, मागचं जहाज, वेग. मी मनात म्हटलं, बघा आता, बाई फोन ठेवणार. तर त्या एकदम म्हणाल्या, “हे तर आमच्या व्हॅनसारखं झालं! आमची जुनी व्हॅन घाटात बंद पडली होती. ह्यांनी पुढे एका ट्रकला दोर बांधला आणि ट्रकवाल्याशेजारी जाऊन बसले, मला म्हणाले, तू मागे बस आणि ब्रेकवर पाय ठेव. मला गाडी चालवता येत नाही! मी रडत, शिव्या घालत ब्रेक दाबत आले. एकदाही धडकू दिली नाही.”

“मग झालं तर,” हे म्हणाले. “तेच करायचंय.”

अशी गेंड्याने टिटवी ओढायला घेतली. हे रोज संध्याकाळी कारखान्यातून आले की स्वेटरसकट बसायचे आणि लिहायचे. दोर कसा ताणला, गेंड्याचे पंख कसे दिवसरात्र उघडे, इंजिनखोलीत सगळे घामाने कसे निथळतायत. आणि त्याखाली वहिनींची ओळ यायची. सुरुवातीला नुसतं, “आज ब्रेक दाबला.” मग, “आत फार थंडी आहे. सगळ्यांना पांघरुणं दिली.” मग एकदा त्यांनी मला फोन केला, अगदी रागात.

“ताई, मी त्यांचं जुनं सगळं वाचायला घेतलंय. त्या टिटवीवर एक कोठीवाली आहे, शिधा सांभाळणारी. ओला टॉवेल अंथरुणावर टाकला की ती कॅप्टनला फाडून खाते. चहात साखर किती हे सगळ्या जहाजाला तीच सांगते. ही मी आहे! मला न विचारता!”

“मग जाब विचारा,” मी म्हटलं.

“कोणाला?” त्या म्हणाल्या. मग त्याच म्हणाल्या, “चांगलं लिहिलंय मात्र तिच्याबद्दल. तिला सगळे घाबरतात.”

त्यानंतर त्या ओळी लांब व्हायला लागल्या. टिटवीवर घड्याळांची एक खोली होती, तिथे वहिनी रोज जाऊन किल्ल्या देऊन येत होत्या. कोठीवाली आणि वहिनी भांडतही होत्या, म्हणजे बाई स्वतःशीच कडाकडा भांडत होती. मी दवाखान्यात खिडकीखाली फोन लपवून वाचायची. समोर रुग्ण खोकतोय आणि मी म्हणतेय, “एक मिनिट हं.”

तिकडे खिंडीत लढाई झाली. मास्तरांनी चालवली. आपल्या लोकांची फळी एकदा मोडली, मग सावरली, शेवटी जिंकली. ह्यांनी कारखान्यात डबा खाताना वाचली. घरी आल्यावर मी विचारलं, “कशी झाली?”

“बरी झाली.”

“तुम्ही असता तर?”

ह्यांनी टेबलावरचं डाव्या बाजूचं एक झाकण बोटाने जागेवर सरकवलं. “डावी बाजू मोडू दिली नसती,” म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! विजयाच्या अभिनंदनात ह्यांचं नाव कुठेही नव्हतं. असणार कसं? हे तिथे नव्हतेच.

आणि गेंडा बंदराला लागला. ह्यांनी लिहिलं, “गेंडा थांबला आहे. टिटवीच्या हुकुमाची वाट बघतो आहे.” खाली वहिनींची ओळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, तरी नाही. गटातले लोक हळूहळू कुजबुजू लागले. विजयानंतरची मोहीम ठरत होती, गेंड्यासारखं दांडगं जहाज बंदरात दोर धरून उभं होतं. मास्तरांनी हळूच विचारलं, “फोरमन, तुम्हीच सोडता का दोर? बाईंना कशाला त्रास?”

“मला अधिकार नाही,” हे म्हणाले. एवढंच.

शेवटी न राहवून मीच वहिनींना फोन केला. म्हटलं, ख्यालीखुशाली विचारू. पण त्यांनी स्वतःच विषय काढला.

“ताई, ते दोर सोडू नको म्हणत गेले. आणि तो सोडा म्हणून मीच सांगायचं?”

खिडकीवर बसून मी लोकांना काय काय सांगते, कुठली खोली, कुठला डॉक्टर. हे कुठे सांगता येतंय?

“एकदा सोडा म्हटलं की संपलं ना सगळं,” त्या म्हणाल्या. “आता संध्याकाळ झाली की मला काम असतं. वेग मारायचा, किल्ल्या द्यायच्या, त्या भवानीशी भांडायचं. नंतर मी काय करू?”

“मला नाही माहीत हो वहिनी,” मी म्हटलं. “पण ह्यांना घाई नाही. हा माणूस कारखान्यात एका जागी उभा राहून म्हातारा झालाय. तुम्ही वर्षभर नाही म्हणालात तरी तो दोर धरून उभा राहील, आणि तुम्हाला एका शब्दाने विचारणार नाही. एवढं मी लिहून देते.”

त्या रडल्या. मीही रडले. मग त्यांनी मला दाण्याची चटणी मिक्सरमध्ये चिकट होते त्यावर काय करायचं ते सांगितलं, आणि आम्ही फोन ठेवला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, रविवारी सकाळी, चहा घेताना ह्यांच्या फोनवर टिंग झालं. ह्यांनी बघितलं आणि माझ्यापुढे सरकवला. वहिनींनी लिहिलं होतं.

“टिटवीच्या सुकाणूवरून बोलते आहे. सगळ्यांना सुखरूप उतरवलं. घड्याळांना किल्ल्या दिल्या आहेत, आठवडाभर चालतील. कोठीवाली आणि मी शेवटी उतरतो आहोत. मी नीट बघितलं, पुन्हा बघितलं. टिटवी थांबली आहे. फोरमन, तुम्ही दोर सोडला नाहीत, हे त्यांना कळलं असेल. आता सोडा.”

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता ह्यांनी एकच शब्द लिहायचा असतो, ‘सोडला’, म्हणजे काम पुरं. ह्यांनी फोन हातात घेतला. अंगठा वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. चहावर साय धरली.

“तू लिही,” म्हणाले.

“मी? दुसऱ्याच्या जहाजाला बोट लावायचं नसतं ना?”

“तू परकी आहेस का? घरच्याने लिहिलेलं चालतं,” म्हणाले. “माझ्याच्याने नाही होत.”

मी चष्मा लावला आणि लिहिलं, “सोडला.” पाठवलं. आणि मग हा माणूस, ज्याने फोरमनची जागा गेली तेव्हा आमटी मागितली होती, ज्याने मित्र गेल्याचं ऐकून फक्त फडकं खाली ठेवलं होतं, तो टेबलावर, त्या सगळ्या झाकणांमध्ये डोकं टेकून हमसून हमसून रडला. मी त्याच्या स्वेटरवर हात ठेवून बसून राहिले.